गुडघा कुरकुरतोय, पण मुलाबरोबर ग्रीनिच व्हिलेज पायी बघायचंय

माई_सांगलीकर:
नमस्कार मंडळी. सध्या मुलाकडे जर्सी सिटीला आलेय. मुलगा गे आहे, जोडीदाराबरोबर राहतो. हे इथं पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा प्रस्तावना एवढीच. या दोघांनी रविवारी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये समलिंगी लोकांचा इतिहास दाखवणाऱ्या फेरीचं माझंही तिकीट काढलंय. गाइडबरोबर दोन तास चालायचं. माझं वय ६६, डावा गुडघा रुसलेला. मध्ये टेकायला जागा असते का? गाइडचं इंग्रजीही भराभर असणार. मी गप्प राहिले की पोराला वाटतं आईला पटलं नाही. खरं तर मला निम्मं कळलेलंच नसतं. म्हणून आधीच थोडं सांगा. आणि सगळे बारच दाखवतात का हो?

हडसनपार:
माई, बिनधास्त जा. पाथ गाडीच्या (जर्सी-न्यूयॉर्क लोकल) ख्रिस्तोफर स्ट्रीट स्टेशनला लिफ्ट नाही, जिना चढावा लागेल. पुढे सगळं आपल्या एखाद्या पेठेएवढ्या टापूत आहे. चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त, गुडघ्याला तेच नडतं. स्टोनवॉल इन या बारसमोर छोटी त्रिकोणी बाग आहे, ख्रिस्तोफर पार्क. तिथल्या बाकावर बसून घ्या.
बारच का, तर चारचौघांत भेटायची दुसरी सोय नव्हती. समलिंगी गिऱ्हाइकं आली की बारचा परवाना धोक्यात, म्हणून असले बरेच बार माफियाच्या हातात. २८ जून १९६९च्या पहाटे पोलिसांनी स्टोनवॉलवर धाड घातली. एरवी लोक मुकाट्यानं पांगायचे, त्या दिवशी पांगले नाहीत. पुढे काही रात्री धुमश्चक्री चालली. १९७० साली त्याच तारखेला इथून सेंट्रल पार्कपर्यंत पहिला मोर्चा गेला.

खडूस_नारायणपेठी:
वरच्याला अनुमोदन, पण सगळं स्टोनवॉलपासून सुरू झालं असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. जवळच वेस्ट दहाव्या रस्त्यावर ज्युलियस नावाचा बार आहे. २१ एप्रिल १९६६ला मॅटाशीन सोसायटी या समलिंगींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेची माणसं तिथं गेली, 'आम्ही समलिंगी आहोत' असं सांगून दारू मागितली. बारवाल्यानं पुढे ठेवलेला ग्लास हातानं झाकला. तो फोटो प्रसिद्ध आहे, आधी बघून जा. गाइड तिकडे नेत नसेल तर मुलाला न्यायला सांगा. बर्गरही मिळतो.

माई_सांगलीकर:
जाऊन आले! मुलाच्या जोडीदारानं घडीचं स्टूल पाठीवर आणलं होतं, त्यामुळे गुडघ्यानं साथ दिली.
नारायणपेठी, तुमचा तो फोटो मोबाइलवर बघूनच गेले होते. ज्युलियसच्या दारात मला आमच्या गावातलं स्टँडजवळचं हॉटेल आठवलं. काही लोकांचे कप बाहेर कोनाड्यात वेगळे ठेवलेले असायचे, ज्याचे त्यानं विसळून ठेवायचे. लहानपणी मी ते रोज बघायचे आणि कधी विचारलं नाही. मुलाला हे मराठीत सांगितलं, त्यानं गाइडला इंग्रजीत. गाइडनं मग मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली, पंचाईत!
शेवटी एड्सच्या स्मारकापाशी थांबलो. समोरच्या सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलात १९८४ साली एड्सच्या रुग्णांसाठी वॉर्ड निघाला होता, आता हॉस्पिटलच राहिलेलं नाही. वर पांढरी पोलादी मांडव-कमान, खाली फरशीवर कवितेच्या ओळी गोल गोल कोरलेल्या. वाचायचं तर आपणच फिरावं लागतं. तिथं मुलगा बराच वेळ बोलला नाही, मीही नाही.
ख्रिस्तोफर पार्कात दोन बायकांचे पांढरे पुतळे बाकावर बसलेत, एकीचा हात दुसरीच्या मांडीवर. शेजारी बसून फोटो काढलाय. धाकट्या बहिणीला पाठवला. घरच्या ग्रुपवर अजून टाकलेला नाही.