मदत हवी आहे: साइटवरच्या मराठी पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत

नमस्कार मंडळी,

सोलापुरात नवी पेठेत आमचं दोघांचं वेबसाइटचं काम आहे. जवळच्याच एका सार्वजनिक संस्थेची साइट (नाव घेत नाही) गेल्या वर्षी आमच्याकडे आली. अक्षर लहान-मोठं करायची बटणं आधीच्याने लावून ठेवली होती, त्यामुळे संस्थेच्या साहेबांच्या लेखी दिव्यांगांचा विषय मिटलेला. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी.

मागच्या महिन्यात शाळेतला मित्र आला. त्याला दिसत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतो. पाणीपट्टीची सूचना हवी होती. मेनूच्या लिंका ओलांडत कसाबसा पोचला, पीडीएफ उघडली आणि कॉम्प्युटर इंग्रजी अक्षरं, चिन्हं असं काहीबाही बडबडायला लागला. "काय बे, ही मराठी हाय का?" दुसरी उघडली तर चिडीचूप. ती स्कॅन केलेली! तक्रारीचा फॉर्म मी दाखवलाच नाही, त्यात चित्राचा कॅप्चा आहे (चित्रातली अक्षरं बघून टाइप करायची).

अशा नऊशेच्या वर पीडीएफ आहेत, बऱ्याच जुन्या श्री-लिपी फाँटमधल्या (दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरांचे कोड). सुरुवात कुठून करू? साहेब म्हणतात, "सक्ती कुठंय?" त्यांना काय दाखवू?

आणखी एक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आमचे एक टॉवेलवाले युरोपातल्या गिऱ्हाइकांना साइटवरून थेट माल विकतात. दिव्यांगांना साइट वापरता यावी म्हणून तिकडे आलेला नवा कायदा त्यांना लागतो का?

प्रतिसाद १
नऊशेच्या मागे लागू नका. आज चालू असलेले अर्ज, दर आणि सूचना आधी घ्या. श्री-लिपीचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत) येतो, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. रकमा तर दोनदा. स्कॅनसाठी टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) आहे, त्याला मराठी येतं. आणि एका पानाच्या सूचनेला पीडीएफ कशाला? साधं वेबपान करा. कोडमध्ये पानाची भाषा मराठी लिहिलीय का तेही बघा, स्क्रीन रीडर त्यावरून उच्चार ठरवतो.

साहेबांसाठी: सरकारी साइटच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना डब्ल्यूसीएजी २.१ (वेबसाइट दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणूनचं जागतिक मानक) ची एए पातळी मागतात. त्याच वर्षी दिव्यांग हक्क नियमांत आयएस १७८०२ हे सुलभतेचं भारतीय मानक आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांतला सुलभतेची मानकं सांगणारा नियम १५ नुसता शिफारसवजा आहे म्हणून कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं. एवढं पुरे. तरी हलले नाहीत तर दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८९ दाखवा, पहिल्या वेळी दंड दहा हजारांपर्यंत.

प्रतिसाद २
टॉवेलवाल्यांना सांगा, युरोपचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू आहे आणि ग्राहकाला होणारी ऑनलाइन विक्री त्यात येते. नुसता आयातदाराला घाऊक माल जात असेल तर ती गोष्ट वेगळी. दहापेक्षा कमी माणसं आणि उलाढाल वीस लाख युरोच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्यांना सूट आहे. कारखाना म्हटल्यावर माणसं मोजूनच बघा.

धागाकर्ता
आभारी आहे. कोड पाहिला, भाषा 'इंग्रजी' लिहिली होती. बदलली. पण नवी अडचण: ऑपरेटर ताई कालची सूचनाही जुन्या फाँटमध्येच टाइप करून गेल्या. बोटांना रेमिंग्टनची (जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीची) सवय आहे म्हणतात.

प्रतिसाद १
रेमिंग्टनची मांडणी युनिकोडमध्येही मिळते. ताईंची बोटं तशीच राहू द्या, फक्त कॉम्प्युटरवर युनिकोडचा रेमिंग्टन कीबोर्ड आणि युनिकोड फाँट लावा.