जिप्सीची ट्रान्सफर केस: फोर-लो सुटतो, आवाज आणि गळती. उघडायची का?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, वापर रावेर-यावलच्या शेतरस्त्यांवर आणि पाल गावाकडच्या चढांवर. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी; तिच्या लिव्हरने टू-हाय (फक्त मागची चाकं), फोर-हाय (चारही चाकं) आणि फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) निवडतात. तक्रारी तीन. फोर-लोमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो. ४० च्या पुढे घोंगावतं, टू-हायमध्येसुद्धा. आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टकडून (केसपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) तेल गळतं. मिस्तरी म्हणतात, पूर्ण केस उघडून सगळे बेअरिंग बदलू. आधी काय बघावं? तेल कोणतं आणि किती?

सातपुडा_चाकं
भाऊ, केस उघडायची घाई करू नका. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडून नसते. ती चासीवर तीन रबरी माउंटिंगना धरून असते आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. रबर मेलं की फोर-लोच्या जोराने अख्खी केस पिळते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तीच उलट्या बाजूला उसळते, लिव्हर फ्लोअरच्या भोकाला अडतो आणि गिअर सुटतो. तुमची पहिली तक्रार अगदी हीच दिसते.

तपासायला सपाट जागा घ्या, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. खाली जमिनीवर मोबाइल ठेवून व्हिडिओ सुरू करा. फोर-लो, पहिला गिअर, ब्रेक घट्ट दाबून क्लच थोडा सोडायचा आणि परत दाबायचा. मग हेच रिव्हर्समध्ये. माणूस गाडीखाली किंवा पुढे-मागे उभा नको. व्हिडिओत केस एक-दोन सेंटिमीटर उसळताना दिसली की माउंटिंग गेली. तिन्ही एकदम बदला. एकच नवीन टाकली तर केस तिरकी बसते आणि आखूड शाफ्टचा कोन बिघडून नवीनच थरथर सुरू होते.

माउंटिंग ठीक निघाली तर डिटेंटचा, म्हणजे लिव्हरला खाचेत धरणारा, छर्रा आणि स्प्रिंग बघा. स्प्रिंग दमली की लिव्हर जागेवर धरला जात नाही. त्यानंतरही गिअर सुटत असेल तर शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलाय किंवा तो सरकवतो त्या स्लीव्हचे दात गोल झालेत. केस उघडायचीच तर तेव्हा.

तापीकाठ
आवाजाबद्दल. टायर मड टाइपचे असतील तर आधी तेच तपासा. डांबरी सोडून मातीच्या रस्त्यावर त्याच वेगात आवाज बदलला, तर तो टायरचा.

नाहीतर गाडी उभी ठेवून ट्रान्सफर न्यूट्रलला घ्या, गिअरबॉक्स तिसऱ्यात, क्लच हळू सोडा. मात्र ट्रान्सफर न्यूट्रलला असताना गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा उतारावर निघते, म्हणून चाकांना दगड हवेतच. आता गिअरबॉक्स, आखूड शाफ्ट आणि केसमधले इनपुट-काउंटर गिअर फिरतात, प्रोपेलर शाफ्ट फिरत नाहीत. आवाज आला तर दोष या भागात. नाही आला तर मागच्या आउटपुट बेअरिंगवर, शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) किंवा मागच्या डिफरन्शियलवर (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) संशय घ्या. ही चाचणी लोडशिवायची आहे, त्यामुळे थोडं झिजलेलं बेअरिंग गप्प राहू शकतं. शेवटचा निकाल तेलच देतं.

सातपुडा_चाकं
बरोबर. ड्रेन प्लगवर बारीक राखाडी लेप असेल तर काळजी नाही. चकाकणारे तुकडे किंवा सुईसारखे रोलर निघाले तर मिस्तरी म्हणतात ते खरं. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. केस गरम असताना नाल्यात घातली की आतली हवा आकसते आणि सीलवाटे, ब्रीदरवाटे (केसमधली हवा आत-बाहेर होण्याचं भोक) पाणी ओढलं जातं.

ठिबक_आणि_टायर
गळतीत सगळ्यात आधी ब्रीदर. चिखलाने बुजला की मे महिन्याच्या उन्हात आतला दाब वाढतो आणि तेल चांगल्या सीलमधूनसुद्धा बाहेर पडतं. तो साफ करा आणि त्याला रबरी नळी लावून तोंड बॉनेटखाली उंच न्या.

मग शाफ्ट उतरवा. उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीची खूण करा, तशीच जोडा. आपल्याकडे केळीच्या खांबाचे सोपट आणि ठिबकच्या नळीचा तुकडा शाफ्टला गुंडाळला जातो, सीलपर्यंत सरकतो आणि ओठ कापतो. काळी माती वाळली की तीही सीलला घासते. फ्लँजच्या ज्या भागावर सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय, नवीन सीलही गळणार. मग सील दोनेक मिलिमीटर बाहेर बसवा, म्हणजे ओठ नव्या जागेवर येतो, किंवा दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवा. मापं जुन्या सीलवरच छापलेली असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ती बेअरिंगच्या दुकानात दाखवा. बसवताना ओठाला ग्रीस लावाच, कोरडं सील पहिल्याच फेरीत जळतं.

तापीकाठ
गिअर तेल, जाडी ८०डब्ल्यू-९०, दर्जा जीएल-४. पाऊण लिटरच्या आसपास जातं, एक लिटरचा डबा पुरतो. पाच-दहा किलोमीटर चालवून, तेल कोमट असताना काढा. आधी फिलर प्लग सैल करा, मगच ड्रेन. फिलर अडकला आणि तेल आधीच काढलं असेल तर गाडी तिथेच बसते. भरताना फिलरच्या भोकातून तेल ओघळू लागलं की थांबा. २०,००० किलोमीटरला बदला, पाण्यात उतरली असेल तर लगेच. क्रॉस आणि शाफ्टच्या स्प्लाइनला (सरकत्या खाचांना) ५,००० ला ग्रीस.

केळीबाग_रावेर
धन्यवाद. माउंटिंग आणि ब्रीदर आधी बघतो. एक अजून: अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर पावसात फोर-हाय ठेवला तर चालेल ना?

सातपुडा_चाकं
नको. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळणावर पुढच्या-मागच्या चाकांनी कापलेल्या अंतराचा फरक गिअर आणि शाफ्टवर ताण बनून साठतो. ओल्या डांबरावर चाक थोडं घसरतं, पण रस्ता मध्येच कोरडा लागला की लिव्हर अडकतो. अडकलाच तर लाथा मारू नका. सरळ रिव्हर्समध्ये पाच-दहा मीटर घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर हाताने निघतो. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि सारख्या हवेचे ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरसुद्धा हाच ताण येतो.