पाठ टेकल्यानंतरची लढत
तालमीत कुस्ती खेळलेल्याला ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर पकडून, सांधे ताणून किंवा गळा आवळून प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावण्याचा खेळ) सोपे जाईल का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की पकड आणि तोल यांचा फार उपयोग होतो, पण पाठ टेकली की हरलो ही सवय मोडावी लागते. कारण येथे पाठीवर पडून, प्रतिस्पर्ध्याला पायांच्या कवेत धरून, म्हणजे ‘गार्ड’मधूनही लढता येते. पहिले काही महिने जिंकण्यामागे न लागता दबावाखाली श्वास संथ ठेवणे आणि कंबर सरकवून सुटणे एवढेच मनापासून शिकावे. कोपर ताणले जाऊ लागताच जोडीदाराला थोपटून हार मान्य करावी. टाच धरून पाय पिळण्याच्या पकडीत तर वेदना जाणवण्याआधीच गुडघ्याचे अस्थिबंध फाटू शकतात, म्हणून ती पकड नवशिक्यांना सरावात लावू देणारा वर्ग मी तरी टाळेन.