बाळ घरी आल्यावर मिडवाइफची (आई-बाळाची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित प्रसूतिसेविकेची) कितपत साथ मिळाली? अनुभव लिहा

डिलिव्हरीपर्यंत सगळ्या तपासण्या वेळेवर होतात आणि नंतर सगळं लक्ष बाळाकडे जातं, आईला विचारणारं कोणी उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार पहिले २४ तास, मग ४८ ते ७२ तास, ७ ते १४ दिवस आणि सहावा आठवडा, अशा किमान चार वेळा दोघांची तपासणी व्हायला हवी. तुमच्याकडे काय झालं? बाबांनीही लिहा.

---

दूध पुरत नाही असं घरातले सगळे म्हणत होते आणि मलाही ते पटायला लागलेलं. मिडवाइफ आली, काही न बोलता एक अख्खं फीड शेजारी बसून बघितलं. बाळ नुसतं निपल ओढत होतं, म्हणून भेगा पडलेल्या. तिने बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं, तेव्हा कुठे पकड बसली. वजन सुरुवातीला थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, आणि पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत हेही तिनेच सांगितलं. हे आधी कुणी का सांगत नाही!

---

मी बाबा, बायकोला विचारूनच लिहितोय. पहिल्या दिवसांतलं रडू बहुतेक जणींचं दोन आठवड्यांत ओसरतं असं मिडवाइफ म्हणाल्या होत्या, हिचं ओसरेना. पुढच्या भेटीत त्यांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली, दहाच प्रश्न, त्यात स्वतःला इजा करावीशी वाटते का हेही. ती उत्तर देताना मी शेजारीच होतो, घरात आम्ही कुणी हे विचारलंच नसतं. लगेच डॉक्टर, औषध, समुपदेशन. आता ती बरी आहे.

---

माझा अनुभव वाईट. दर वेळी नवीन कोणीतरी यायचं, बाळाचं वजन घ्यायचं, नाळ बघायची आणि निघायचं. माझे टाके, रक्तस्राव, कशाचीही चौकशी नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं, हे मला मैत्रिणीकडून कळलं.

---

वरच्या ताई, वाचून खूप वाईट वाटलं. आमच्या मिडवाइफने पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलेलं, इथे टाकते: खूप रक्तस्राव, ताप, एकाच पोटरीत दुखणं किंवा सूज, दम लागणं, डोकं प्रचंड ठणकून डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं तरी पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, रात्र असली तरी.