एआयला थँक्यू म्हटलं की बाटलीभर पाणी जातं म्हणे (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

रबाळे_नाइटशिफ्ट
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकलं, 'एआयला एक प्रश्न विचारला की अर्धा लिटर पाणी संपतं, उगाच थँक्यू म्हणू नका, धरणं वाचवा.' खाली चाळीसेक जणांचे जोडलेले हात. मी उत्तर लिहायला घेतलं तर अॅडमिन म्हणे वाद नको. म्हणून इथे ओततोय.

मी ११ वर्षं डेटा सेंटरच्या, म्हणजे जिथे एआयचे, बँकांचे सर्व्हर चालतात त्या इमारतींच्या, युटिलिटीत आहे. चिलर (कूलिंगसाठी पाणी गार करणारं यंत्र), पंप, डिझेल जनरेटर, रात्रीबेरात्रीचे अलार्म, सगळं. तर आधी ते अर्धा लिटर. अमेरिकेतल्या एका अभ्यासात जुन्या मॉडेलच्या १० ते ५० उत्तरांना मिळून अर्धा लिटर असा अंदाज होता, तेही वीज बनवताना जाणारं पाणी धरून. फॉरवर्ड होता होता ५० उत्तरांचं एक उत्तर झालं. गूगलने २०२५ मध्ये स्वतःचा आकडा दिला, जेमिनीच्या साध्या प्रश्नाला ०.२६ मिली पाणी, म्हणजे पाचेक थेंब, आणि ०.२४ वॅट-तास वीज. तुमचा दीड टनी एसी तेवढी वीज एका सेकंदाच्या आत खातो. काकांच्या घरी तीन एसी आहेत, मला माहितीय, मी चौथ्या मजल्यावर राहतो.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. जगातल्या डेटा सेंटर्सनी २०२४ मध्ये साधारण ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली असा आयईए या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब आहे. आपल्या भाषेत ४१,५०० कोटी युनिट. २०३० पर्यंत दुपटीच्या वर जाईल म्हणतात. पण उपाय थँक्यूत नाहीये, उपाय प्लांटरूममध्ये आहे. एक साधी गोष्ट सांगतो. मी भर मे महिन्यात स्वेटर घालून ड्युटी केलीय. अॅश्रे या कूलिंगवाल्या इंजिनिअरांच्या संस्थेची शिफारस आहे की सर्व्हरला जाणारी हवा १८ ते २७ डिग्री चालते, पण क्लायंटचा करारच २१ चा, का तर 'आधीपासून तसंच आहे'. एका हॉलमध्ये रॅकमधल्या, म्हणजे सर्व्हरच्या कपाटांतल्या, मोकळ्या फटीच बुजवलेल्या नव्हत्या, थंड हवा सरळ मागच्या गरम बाजूला पळायची. ब्लँकिंग पॅनल म्हणजे प्लास्टिकची पट्टी हो, त्या लावल्या, तापमान दोनच डिग्री चढवलं, आणि एक चिलर स्टँडबायला गेला. हे करून घ्यायला मला आठ महिने मीटिंगा कराव्या लागल्या.

आणि पाणी-वीज ही देवाणघेवाण आहे. कूलिंग टॉवर लावला तर पाणी वाफ होऊन उडतं, एअर-कूल्ड चिलर लावला तर पाणी वाचतं पण वीज जास्त जाते. त्यात नवी मुंबईच्या दमट हवेत टॉवरलाही मर्यादा येतात. दोन्ही वाचवा म्हणणाऱ्याने एकदा जुलैत गच्चीवर उभं राहून दाखवावं.

सदाशिव_स्टार्टअप
फायनली कोणीतरी बोललं. देशातली डेटा सेंटरची जवळपास निम्मी क्षमता मुंबई-नवी मुंबईत आहे, आपण अभिमान बाळगायचा सोडून रडतोय. यूपीआय बंद पडलं की हेच लोक बोंबलणार. शिवाय सगळे मोठे खेळाडू १०० टक्के ग्रीन आहेत ऑलरेडी.

डब्लिनची_पुणेकरीण
१०० टक्के ग्रीन हे वर्षाच्या हिशेबाने असतं हो दादा. दुपारी राजस्थानात सोलर जास्त झाली, तिचं सर्टिफिकेट घेतलं आणि रात्री कोळशाच्या विजेवर सर्व्हर चालवला तरी कागदावर ग्रीनच. ताशी हिशेब मागितला की निम्मे गप्प होतात.

आमच्याकडे आयर्लंडमध्ये २०२३ मध्ये देशातल्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटर्सनी खाल्ली, सगळ्या शहरी घरांना मिळून १८ लागली. डब्लिनमध्ये तर त्याआधीच डेटा सेंटरना नवीन कनेक्शन देणं जवळपास थांबवलं होतं. इथे हवा थंड आहे, वाराही आहे, तरी ही गत. डब्लिनच्या टॅला भागात एका डेटा सेंटरची वाया जाणारी उष्णता कॉलेज आणि कौन्सिलच्या इमारती तापवायला वापरतात, ते मात्र छान केलंय.

रबाळे_नाइटशिफ्ट
ताई सर्टिफिकेटचं एकदम बरोबर, मी लिहिणारच होतो. उष्णतेचं मात्र आमच्याकडे फुकट वाटली तरी कोणी घेणार नाही, रिक्षात बसलं की मिळतेच. आमचा खरा प्रश्न रात्रीचा आहे. संध्याकाळी सातला सोलर झोपते आणि आमचा लोड पहाटेपर्यंत सरळ रेषेत. त्याला माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय पंप्ड स्टोरेज. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. घाटघरला २५० मेगावॅटचं आहेच, टाटा पॉवरचं भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॅटचं नियोजन आहे. सह्याद्री आपल्याला त्यासाठीच दिलाय.

पाण्याखालचं_गाव
सह्याद्री तुम्हाला दिलाय. वा. कोणी दिला?

मी मुळशीचा. तुमच्या या वाक्यावर मला रात्री झोप लागली नाही, म्हणून आता लिहितो आणि लांब लिहितो. १९२१ मध्ये टाटांचे लोक हेच बोलत होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज पाहिजे, मावळात पाऊस आहे, उतार आहे, बांधा धरण. आमच्या भातखाचरांवरून पाणी गेलं. सेनापती बापटांना सेनापती म्हणायला लागले ते याच सत्याग्रहात, शाळेत एका ओळीत शिकवतात नि पुढे जातात. मुळा नदीचं पाणी डोंगराखालून कोकणात भिऱ्याच्या वीजघराला सोडलं, तिथून कुंडलिकेत. आज कोलाडला तुम्ही वीकेंडला राफ्टिंग करता ना, ओरडत ओरडत, ते त्याच वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर. टाटांची सगळी धरणं धरून भीमेच्या खोऱ्यातलं चाळीसेक टीएमसी पाणी दरवर्षी कोकणात उतरतं, आणि खाली सोलापूर टँकरची वाट बघतं. माझी आजी सांगायची, विजेसाठी आमचं गाव बुडालं आणि वर सरकलेल्या वाडीत पहिला बल्ब लागला तेव्हा तिला नातवंडं होती.

सदाशिव_स्टार्टअप
अरे यार विषय काय, हे कुठे नेलं. १०० वर्षांपूर्वीचं धरण आणि सर्व्हर.

लालबाग_तिसरी_पिढी
विषयाचं राहू दे, मला याचं उत्तर द्यायचंय. माझे पणजोबा साताऱ्याकडून गिरणीत आले, त्या गिरण्या त्याच विजेवर फिरल्या. गावाला मनीऑर्डर जायची ती त्यातूनच. मुंबईने मावळ लुटला असं एका वाक्यात लिहिताना मुंबईत खोलीत बारा जण झोपायचे ते पण लिहा. लुटणारे वेगळे होते.

पाण्याखालचं_गाव
तुमच्या पणजोबांना मी कुठे काय म्हटलं. पण मनीऑर्डर साताऱ्याला गेली, मुळशीला नाही. आणि निदान गिरणीत हजारो लोकांना काम होतं. डेटा सेंटरमध्ये एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये किती माणसं असतात? सांगा नाइटशिफ्ट साहेब. खरं सांगा.

रबाळे_नाइटशिफ्ट
रात्रीच्या पाळीला सिक्युरिटी सोडून आम्ही नऊ जण.

पाण्याखालचं_गाव
नऊ.

रबाळे_नाइटशिफ्ट
हो नऊ, काय करू, बायकोला आणून बसवू? नऊ जणांवर लाखो लोकांचे पगार, रिपोर्ट, तिकिटं चालतात. आणि पंप्ड स्टोरेज म्हणजे मुळशी नव्हे. तेच पाणी खालीवर होतं, दरवर्षी नवीन पाणी पळवायचं नसतं. चढवताना-उतरवताना पाचवा-चौथा हिस्सा वीज वाया जाते एवढंच. न कळता सेनापती बापटांना मध्ये आणलं की टाळ्या मिळतात.

पाण्याखालचं_गाव
न कळता? माझं घर तिथे आहे, तुमचा फक्त चिलर आहे. रस्ता, बोगदा, भराव, ब्लास्टिंग हे काय पाण्यासारखं खालीवर होतं का? आधी २१ डिग्रीवाल्या क्लायंटला २६ ला आणा, फटी बुजवा, मग डोंगराकडे बघा. हे तुम्हीच वर लिहिलंय, मी नाही.

कपाशीवाला_जालना
दोघांचं भांडण वाचून मजा आली. आमचं पण लिहून घ्या. रात्रीच्या विजेवर तुम्ही भांडताय, ती आम्हाला बळजबरीने मिळते. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशी पाळी. रात्री बारा ते आठ पाणी द्यायचं, बॅटरी घेऊन, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. माझ्या चुलतभावाला घोणस चावली, वाचला बिचारा, पण पाय गेल्यातच जमा. आता सोलर फीडरमुळे (शेतीच्या लाइनला सोलरची वीज) दिवसा वीज मिळतीय तिथे लोक खूश आहेत, आमच्या फीडरचा नंबर लागला नाही अजून. मला सांगा, तुमच्या कॉम्प्युटरला एक मिनिट लाईट गेलेली चालत नाही आणि माझ्या मोटारीला सोळा तास नसली तरी चालते, हे ठरवलं कोणी?

डब्लिनची_पुणेकरीण
काका, हा मुद्दा खरंतर सगळ्यात महत्त्वाचा आहे. एआय मॉडेल शिकवण्याचं काम काही तास पुढे-मागे करता येतं, सोलर असेल तेव्हा जोरात, नसेल तेव्हा हळू. बँकेचं नाही करता येत. पण दोन्हीला सरसकट 'क्रिटिकल' लेबल लावलेलं असतं.

सदाशिव_स्टार्टअप
जीपीयू, म्हणजे एआयची चिप, लाखांत येतो ताई, तो रात्री झोपवून ठेवला तर पैसे कोण देणार. ग्राउंड रिअॅलिटी वेगळी असते.

रबाळे_नाइटशिफ्ट
जीपीयूच्या बाबतीत सदाशिवरावांना अर्धे मार्क. एक चांगली गोष्ट मात्र आहे, आधी रॅक पाच-सहा किलोवॅटची असायची, आता एकेक एआय रॅक १२० च्या आसपास जाते, ती हवेने थंड होतच नाही. चिपपर्यंत पाणी न्यावं लागतं, बंद पाइपमधलं, आणि ते पाणी चाळीस डिग्रीचंही चालतं. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातही बराच काळ चिलर न लावता नुसत्या पंख्यांच्या ड्राय कूलरवर भागू शकतं. ज्या एआयला शिव्या पडतायत तिच्यामुळेच माझा चिलर बंद होईल, काय नशीब.

मुळशीवाले दादा, 'सह्याद्री त्यासाठीच दिलाय' हे वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही घेत. आधी फटी बुजवा हे मान्य, पण फटी बुजवून रात्र सरत नाही.

पाण्याखालचं_गाव
एक वाक्य तरी मागे आलं. १९२१ वाल्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

लालबाग_तिसरी_पिढी
माझं उत्तर राहिलंच.

कपाशीवाला_जालना
नाइटशिफ्ट साहेब, मोठ्या गोष्टी चालू द्या. तुमच्या यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या काढून टाकता त्या कुठे जातात? पाच-सहा मिळाल्या तर माझ्या इन्व्हर्टरचं काम होईल.

रबाळे_नाइटशिफ्ट
रजिस्टर्ड रिसायकलरलाच द्याव्या लागतात काका, मोजून, सही घेऊन. मागे एकाने दोन बाहेर नेल्या, त्याची नोकरी गेली. नाहीतर तुम्हाला नाही म्हटलं नसतं.