अनुभव धागा: साल्झबुर्गचा पाऊस आणि सोबत घरची मंडळी

ऑस्ट्रियाला निघालेल्यांचा एक प्रश्न दर उन्हाळ्यात हमखास येतो. "साल्झबुर्गला सगळे दिवस पाऊस दाखवतोय. तो मुक्काम रद्द करून सरळ व्हिएन्ना गाठावं का?" माझं उत्तर ठाम आहे: रद्द करू नका. पण एकट्याच्या सांगण्याला किती वजन असणार! म्हणून हा धागा. लहान मुलं, आई-वडील, सासू-सासरे यांच्यासोबत ज्यांनी तिथला पाऊस अनुभवलाय, त्यांनी मोकळेपणाने लिहा. काय जमलं, कोण रमलं, कोण कंटाळलं, जेवायचं काय केलं, सगळंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे शहर आल्प्सच्या उत्तर पायथ्याशी आहे. वायव्येकडून येणारे ढग डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे पुण्याच्या दीडपटीहून जास्त. त्यातही जून, जुलै आणि ऑगस्ट हे सर्वांत ओले महिने. पाऊस बारीक, सरळ आणि चिवट असतो. आपल्या माणसांना त्रास होतो तो मात्र भिजण्याचा कमी आणि गारठ्याचा जास्त. जूनमध्येसुद्धा पावसाळी दिवशी पारा बारा-तेरा अंशांवर येतो. छत्री तिथे कुठेही मिळते. घरून आणायचं ते स्वेटर आणि मोज्यांचे जास्तीचे जोड.

आता तुम्ही लिहा.

*

ठाणे, दोन लहान मुलांची आई

मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचचा. स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्याने घेतलं होतं. सकाळी पडदा सारला तर समोरचा डोंगर गायब! मी आणि नवरा खट्टू झालो, पण मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. रेनकोट अंगात, बूट पायात, "चल ना आई" सुरू.

आम्ही थेट हेलब्रुनला गेलो. २५ नंबरची बस जाते. तेव्हा शहरावर राज्य करणारा आर्चबिशप मार्कुस सिट्टिकुस याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा महाल बांधला, तो राहण्यासाठी नव्हे, दिवसभर मौज करण्यासाठी. बागेत एक लांब दगडी टेबल आहे आणि भोवती दगडी बैठका. प्रत्येक बैठकीतून अचानक कारंजं उडतं, फक्त यजमानाची जागा कोरडी. यजमान उठेपर्यंत पाहुण्यांनी उठायचं नाही, हा तेव्हाचा शिष्टाचार. म्हणजे भिजत बसायचं! उन्हात आलेले लोक इथे अंग चोरून उभे राहत असतील. आमच्या घोळक्यातले सगळे आधीच रेनकोटात होते, त्यामुळे गाइडने "कोण बसणार?" विचारताच माझी दोन्ही मुलं पुढे धावली.

पुढे अठराव्या शतकातलं एक यांत्रिक नाट्यगृह आहे. छोटंसं शहर, त्यात सुमारे २०० बाहुल्या, आपापली कामं करणारे कारागीर, आणि हे सगळं पाण्याच्या जोरावर हलतं. पंप नाही, वीज नाही. झऱ्यांचं पाणी उतारानं येतं तेवढ्यावर. मुलगा तिथून हलेना. पाऊस पडत होता म्हणून गर्दी कमी होती आणि त्याला हवा तितका वेळ बघता आलं. उन्हाच्या दिवशी मागच्या गटाने त्याला पुढे ढकललं असतं. कारंजी हिवाळ्यात बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

पाऊस फारच लागला तर हाउस डेर नाटुर, म्हणजे निसर्ग-विज्ञानाचं संग्रहालय. मत्स्यालय, सापांचं दालन, डायनोसॉर आणि हात लावून करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, सगळं एका छताखाली. आम्ही अर्धा दिवस ठरवून गेलो आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर पडलो. लॉकरसाठी सुटं नाणं जवळ ठेवा. ओल्या जॅकेटांचं ओझं घेऊन फिरणं मुलांना जमत नाही.

*

म्युनिकहून

मी बारा महिने म्युनिकला राहते, त्यामुळे देशातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला साल्झबुर्ग दाखवणं माझ्याकडेच असतं. जर्मनीचं बायर्न तिकीट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, प्रादेशिक गाड्यांनी, पावणेदोन-दोन तासांत. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. म्युनिकला परत येताना सीमेवर तपासणी होते, पासपोर्ट खोलीवर ठेवून निघू नका.

पावसात फिरायचा माझा मार्ग ठरलेला आहे. गेट्राइडेगासे ही जुनी बाजारगल्ली सगळ्यांना माहीत असते, कारण संगीतकार मोत्सार्ट तिथे नऊ नंबरच्या घरात १७५६ साली जन्मला. पण त्या गल्लीतल्या घरांच्या पोटातून आरपार जाणारे बोळ आहेत. वर छत, कुठे कमानी, मध्येच एखादा चौक, दोन्ही बाजूंना छोटी दुकानं. एका बोळात शिरायचं, पलीकडे युनिव्हर्सिटेट्सप्लाट्झच्या भाजीबाजारात निघायचं, पुढच्या बोळातून परत. उन्हात पाहुणे या बोळांकडे ढुंकूनही बघत नाहीत. पावसात तेच बोळ शहराचा सगळ्यात जिवंत भाग होतात.

अशाच एका बोळात बोस्ना मिळतो: पावात दोन सॉसेज, कांदा, मोहरीची चटणी आणि वरून चक्क करी पावडर. १९५० च्या सुमारास एका बल्गेरियन माणसाने तो तिथे विकायला सुरुवात केली. ओल्या हवेत तो मसाल्याचा वास दुरूनच येतो. माझा सांगलीचा मामा युरोपात आठवडाभर फिकं खाऊन वैतागला होता, तो तिथे उभ्या उभ्या दोन खाऊन शांत झाला. शाकाहारी लोकांसाठी नाही, हे उघडच आहे.

त्याच गल्लीत १९०३ पासून हाताने छत्र्या बनवणारं दुकानही आहे. महाग आहेत, पण नुसतं बघायला जा. लाकडाचा दांडा घासलेला हातात घेतला की कळतं.

*

कोथरूड, निवृत्त स्थापत्य अभियंता

लेक, जावई आणि नात यांच्यासोबत गेलो होतो. माझा अनुभव जरा वेगळा आहे, कारण मला इमारतींपेक्षा त्यांच्या मागचा खडक बघायचा होता आणि त्यासाठी पाऊसच हवा होता.

जुनं शहर म्योन्शबेर्ग नावाच्या टेकडीला पाठ लावून उभं आहे. हा खडक एकसंध नाही. नदीने आणलेले गोटे नैसर्गिक चुन्याने चिकटून झालेला आहे. असा खडक पाणी पितो. फटींत पाणी शिरतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि तुकडे सुटतात. १६६९ च्या जुलैमध्ये याच कड्याचा मोठा भाग रात्री खालच्या वस्तीवर कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासूनच्या धड्यातून शहराने कडा साफ करणारे कामगार नेमले. त्यांना बेर्गपुत्सर म्हणतात. आजही ते दोराला लटकून खडक ठोकून बघतात, सैल झालेला भाग स्वतःच काढून टाकतात, वाढलेली झुडपं उपटतात. माळीणचं दुःख आपल्या मनात ताजं आहे. म्हणून सांगतो, साडेतीनशे वर्षांपूर्वीची दुर्घटना विसरायची नाही आणि दर वर्षी माणूस कड्यावर चढवायचाच, ही शिस्त बघून मला भरून आलं.

हाच खडक कापून त्या लोकांनी काय काय केलंय! बाराव्या शतकात टेकडीच्या पोटातून बोगदा खोदून आल्मकानाल हा कालवा शहरात आणला. त्या पाण्यावर गिरण्या चालल्या, रस्ते धुतले गेले, आगी विझवल्या गेल्या. संत पीटर मठाच्या बेकरीपाशी त्या पाण्यावर फिरणारं चाक आजही आहे. आत लाकडाच्या भट्टीत आंबवलेल्या पिठाचा पाव भाजतात. पावसातून आत गेलो, गरम पाव घेतला, नातीने अर्धा तिथेच संपवला. अठराव्या शतकात त्याच टेकडीतून रस्त्याचा बोगदा काढला, तो नॉयटोर. आजही त्यातून बस जाते. आणि कड्यात तीन मजली सज्जे कोरून केलेली घोड्यांची शाळा, फेल्झेनराइटशूल, आता संगीत महोत्सवाचं नाट्यगृह आहे. तिला सरकतं छत बसवलंय.

महोत्सवाचंही एक सांगतो. १९२० पासून कॅथेड्रलसमोरच्या चौकात उघड्यावर एक नाटक होतं. पाऊस आला तर सगळा प्रयोग मोठ्या नाट्यगृहात हलवतात. पावसाची व्यवस्था आधीच करून ठेवलेली आहे, कोणी आकाशाकडे बघत बसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र महोत्सवामुळे खोल्यांचे भाव चढलेले असतात.

*

नागपूर, सासू-सासऱ्यांसोबत

काकांनी खडकाचं छान लिहिलंय. मी पोटाचं आणि गुडघ्यांचं लिहिते.

आमच्याकडे आई-बाबा, म्हणजे सासू-सासरे, पूर्ण शाकाहारी. पावसात गरम सूप मागवावंसं वाटतं आणि तिथेच फसगत होते. फ्रिटाटनसुपे दिसायला निरुपद्रवी, नुसत्या धिरड्याच्या पट्ट्या. पण खालचं पाणी बहुधा गोमांसाचं असतं. प्रत्येक वेळी विचारा. बिनधास्त मागवायचं ते कासनोकेन: चीजमध्ये घोळलेले पिठाचे बारीक गोळे, वर तळलेला कांदा, लोखंडी तव्यातच टेबलावर येतं. अंडं चालत असेल तरच, कारण पिठात असतं. गोडात साल्झबुर्गर नोकेर्ल. अंड्याच्या फेसाचे तीन फुगीर डोंगर, वर पिठीसाखर. एक मागवला की चौघांना पुरतो आणि लगेच खायचा असतो, नाहीतर बसतो. आईंनी अंड्यामुळे घेतला नाही, त्यांच्यासाठी मठाच्या बेकरीतला लाकडाच्या भट्टीचा तो पाव, लोणी आणि आमचं लोणचं होतं.

आल्टर मार्क्टवरच्या जुन्या कॅफे टोमासेल्लीत केकचं ताट घेऊन बाई टेबलापर्यंत येतात, बोट दाखवायचं नि घ्यायचं. वाचता न येणाऱ्या मेनूपेक्षा बाबांना हे फार आवडलं. कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो. एका कॉफीवर तासभर बसलो तरी कोणी उठवलं नाही. आईंचे पाय दुखत होते, मला त्या तासाचं फार मोल वाटलं.

चालणं कमी आणि डोक्यावर छप्पर हवं असेल तर लिन्त्सरगासेवरची संत सेबास्टियानची दफनभूमी. चारही बाजूंनी कमानींचे छत असलेले व्हरांडे आहेत, त्यांतून कोरड्याने फिरता येतं. जुना प्रसिद्ध वैद्य पॅरासेल्सस याची समाधी इथलीच, आणि मोत्सार्टच्या बायकोची, कॉन्स्टान्झेचीही. सासरे होमिओपॅथीचे जुने वाचक, त्यामुळे पॅरासेल्सस नाव बघून ते बराच वेळ थांबले.

किल्ल्याला पावसात जाऊ नका असं लोक सांगतात. आम्ही गेलो आणि मी पुन्हा जाईन. १०७७ साली सुरू झालेला किल्ला, वर जायला १८९२ पासून चालणारी रेल्वे. आईंना एक पायरीही चढून वर जावं लागलं नाही. वरून शहर दिसलं नाही, हे खरं. पण १५०२ सालचा एक यांत्रिक ऑर्गन आहे, त्याचा आवाज ढगात घुमतो. बाबा म्हणाले, रायगडावर धुक्यात असंच वाटतं. तिथे ते तरुणपणी गेले होते, त्याच्या गोष्टी त्यांनी नातवाला पहिल्यांदा त्या किल्ल्यावर सांगितल्या.

*

बंगळुरू, दोन मोठी मुलं

तेरा-पंधरा वर्षांच्या मुलांना संग्रहालयांत अडकवू नका. हालाइनजवळच्या ड्युर्नबेर्गची मिठाची खाण गाठा. ट्रेन आणि मग बस. आत वर्षभर दहाच्या आसपास तापमान, बाहेर पाऊस की ऊन याचा काही संबंधच नाही. पांढरे कपडे चढवून छोट्या गाडीतून आत, लाकडी घसरगुंड्या (मोठी ४२ मीटरची), भूगर्भातल्या खाऱ्या तळ्यावर होडी, आणि जमिनीखालूनच जर्मनीची हद्द ओलांडून परत. घसरगुंडी नको असेल त्यांना बाजूला जिना आहे. चार वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. शहराच्या नावातलं मीठ ('साल्झ' म्हणजे मीठ) शाळेत शिकवून कळलं नसतं असं इथे कळतं: आर्चबिशपांचे महाल याच मिठाच्या पैशावर उभे राहिले.

दुसरा पर्याय विमानतळाजवळचं हँगर-७. जुनी विमानं, शर्यतीच्या गाड्या, प्रवेश फुकट. माझा धाकटा अजून तेच सांगत असतो.

*

नाशिक

थोडक्यात पण महत्त्वाचं. आमच्या लेकीला तिथे ताप आला, भिजून. रविवार होता. औषधांची दुकानं बंद, पण आळीपाळीने एखादं उघडं असतं, आणि बंद दुकानाच्या दारावर त्याचा पत्ता लावलेला असतो. तब्येतीच्या सल्ल्यासाठी १४५० हा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १४४. किराणाही रविवारी बंद. मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं मिळालं, तिथून तांदूळ आणि दही आणून मऊ भात केला. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तो दिवस आम्ही खोलीतच काढला आणि खिडकीतून वरच्या तारांना धरून जाणाऱ्या बसगाड्या मोजल्या. तिला त्या 'मिशीवाल्या बस' वाटल्या.

*

धागाकर्ता

वाचून फार आनंद झाला. काही जणांनी विचारलंय म्हणून दोन गोष्टी. साल्झबुर्ग कार्ड २४, ४८ किंवा ७२ तासांचं मिळतं. त्यात बस, किल्ल्याची रेल्वे, हेलब्रुन, हाउस डेर नाटुर आणि मोत्सार्टची दोन्ही घरं येतात. पावसात जिथे शिरावंसं वाटेल तिथे तिकिटाचा विचार न करता शिरता येतं, म्हणून कुटुंबाला ते घ्याच असं मी सांगेन. उंटर्सबेर्ग डोंगराची केबल कारही त्यात आहे, पण तिच्यासाठी आदल्या रात्री बेत करू नका. सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघा, ढग असतील तर तो दिवस खाणीला द्या. नदीला पाणी वाढलं की साल्झाखवरची होडीही बंद असते.

डिसेंबरमधल्या पावसाचा किंवा ओल्या बर्फाचा अनुभव कोणी लिहिलेला नाही. नाताळच्या बाजाराला आजी-आजोबांना घेऊन गेलेलं कोणी असेल तर बुटांबद्दल नक्की लिहा. माझी आई यंदा माझ्यासोबत येतेय.