आंब्याखालच्या सावलीत स्नोड्रॉप आणि हेलेबोर जगतील का?

प्रश्न (सहकारनगर, पुणे)
नमस्कार. मिनेसोटात मुलाच्या घरामागे, मेपलच्या झाडांखाली, एप्रिलमध्ये बर्फ पुरता वितळलेलाही नसताना स्नोड्रॉप आणि हेलेबोर फुललेले पाहिले. आमच्या बंगल्याच्या उत्तरेला आंब्याखाली मोकळी जागा आहे, तिथे हीच फुले लावावीत असे मनात आहे. दिवाळीत मुलगा येताना कंद आणू शकेल. ते फ्रिजमध्ये ठेवून इथे फुलवता येतील का?

उत्तर (कोथरूड)
माझ्या मते आणू नयेत. या झाडांना फुलण्यासाठी कित्येक आठवड्यांची सलग कडक थंडी लागते. पुण्यात जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरी ११ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी ते तिशीला टेकते. फ्रिजने थंडीची उणीव एखादे वर्ष भरून निघेलही, पण फुलल्यानंतर पानांना पुढच्या वर्षाचे अन्न कंदात साठवायला गार हवेचा काळ हवा असतो, आणि आपल्याकडे तोवर मार्चचा उन्हाळा सुरू होतो. हेलेबोरला तर कंदच नसतो, मुळांचा गड्डा असतो.

दुसरा मुद्दा उजेडाचा आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. मेपल पानगळीचा वृक्ष आहे, त्यामुळे त्याला पालवी फुटण्याआधी जमिनीवर भरपूर ऊन पोहोचते. स्नोड्रॉप, ट्रिलियम, ब्लडरूट ही झाडे तेवढ्या अवधीत फुलून घेतात. आपला आंबा सदाहरित असल्यामुळे त्याच्याखाली असा उघडा काळ कधीच येत नाही. शिवाय, २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातून कंद आणण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते.

उत्तर (बावधन)
वरील उत्तराशी सहमत आहे, पण ताई, आपण निराश होऊ नये. आपल्या हवामानात विश्रांतीचा काळ थंडीचा नसून कोरडेपणाचा असतो, आणि त्यानंतर लवकर फुलणारी झाडे आपल्याकडेही आहेत. भुईचाफा घ्या: उन्हाळ्यात, एकही पान नसताना, त्याची पांढरी-जांभळी सुगंधी फुले थेट मातीतून वर येतात आणि पाने मागाहून, पावसाबरोबर फुटतात. मे महिन्यात लाल गोंड्यासारखे फुलणारे मे फ्लॉवर मूळचे आफ्रिकेचे असले तरी पुण्यात विरळ सावलीत छान रुळते. मात्र त्याचा कंद विषारी आहे. रानहळद पावसाच्या सुरुवातीला जमिनीलगत फुलते. ती कृपया रोपवाटिकेतूनच घ्यावी, सह्याद्रीतून उपटून आणू नये.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आंब्याच्या मुळांमध्ये हे कंद तग धरतील का, आणि हिवाळ्यात पाणी किती द्यावे?

उत्तर (बावधन)
खोडाजवळ लावू नयेत. फांद्यांच्या घेराच्या कडेला, जिथे सकाळचे ऊन पोहोचते, तिथे माती भुसभुशीत करून पानांचे खत मिसळावे. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत जावे आणि ती वाळल्यावर पूर्ण थांबवावे, कारण झोपी गेलेला कंद ओल्या मातीत कुजतो. जागेवर खूण म्हणून काठी रोवून ठेवावी, म्हणजे कोणी चुकून खणणार नाही.